खर्जाची तार

मी कोणते वाद्य वाजवतो, हे आमच्या घरात तीस वर्षांनंतरही कुणाला नीट सांगता येत नाही. सौ. पाहुण्यांना सांगते, "हे गिटार वाजवतात." मग पाहुणे मोठ्या आशेने माझ्याकडे पाहतात. पण बेस गिटारवर गाणे वाजत नाही; गाण्याखालची जमीन तेवढी वाजते. चार जाड तारा, आणि त्यांतली सर्वांत जाड सेकंदाला अवघी ४१ कंपने करते. पाहुणे चहा पिऊन जातात.

अशा माणसाला आमच्या वाद्यवृंदाच्या तरुण व्यवस्थापकाने यंदा बजावले, "काका, तुमचा बेस उठत नाही. राउंडवाउंड तारा लावा. नाहीतर की-बोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागवावे लागेल." बोलणे मऊ होते, अर्थ मऊ नव्हता.

ज्यांचा या तारांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बेसच्या तारेच्या पोटात पोलादी तार असते आणि तिच्यावर दुसरी गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असली की झाली राउंडवाउंड. तिच्यावर बोट फिरवले तर दोऱ्याच्या रिळासारखे खरखरते, आणि आवाज लखलखीत येतो. गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅटवाउंड. तिचे अंग गुळगुळीत, बोट सरकल्याची कुरकुर नाही, सूर भरीव आणि आटोपशीर. तंबोऱ्याची खुली जवारी आणि बंद जवारी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

व्यवस्थापकाचे म्हणणे असे, की फ्लॅटवाउंड जुन्या गाण्यांना ठीक, नव्यांना नाही. इतिहास थोडासा त्याच्या बाजूने आहे. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, तेव्हा सपाट तारांचाच जमाना होता. पुढे १९६६ च्या सुमारास 'द हू'च्या जॉन एन्टविसल यांच्यासाठी रोटोसाउंडने राउंडवाउंड तारा घडवल्या आणि बेस एकदम बोलू लागला.

पण 'द हू'मध्ये गाणारा सोडला तर वाजवणारे तिघेच. वरची जागा मोकळी होती. बेसने ती घेतली. उलट डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये व्हायोलिने, तुताऱ्या, खंजिरी, दोन-तीन गिटारी अशी भरली पंगत. तिथे जेम्स जेमर्सन जाड फ्लॅटवाउंड तारांवर, एकट्या तर्जनीने वाजवत आणि गाणे तोलून धरत. जमैकाच्या रेगेत ॲस्टन बॅरेट यांचा बेस तर गाण्याचा नायकच. तारा मात्र सपाट. आणि आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिस यांचा खणखणाट ऐकून तो फ्लॅटवाउंडचा आहे असे कोण म्हणेल? म्हणून माझे मत असे, की गाण्याची जात पाहून तार निवडू नये, पंगत पाहून निवडावी. लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केलेल्या, अंगठ्याने तार आपटण्याच्या शैलीला मात्र राउंडवाउंडच शोभते, हे कबूल.

आमच्या पंगतीत दोन की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, बासरी आणि तीन गाणारे. वर मुंगीला जागा नाही. मी वाद न घालता पुढच्या तालमीत दुसऱ्या अंतऱ्याला तारांवर हात ठेवून स्वस्थ बसलो. ढोलकीवाला चाचपडला. गायिकेने गाता गाता मान वळवली. व्यवस्थापक लगबगीने उठला आणि स्पीकरच्या वायरी तपासू लागला! बेस ऐकू येत नाही म्हणणाऱ्याला, बेस नाही हे मात्र लगेच ऐकू आले.

नव्याने फ्लॅटवाउंड लावणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. या तारांचा ताण बहुधा जास्त असतो, म्हणून गिटारच्या मानेतला गज जाणकाराकडून पुन्हा जुळवून घ्यावा. आणि पहिल्या महिन्यात निराश होऊ नये. लोणच्यासारख्या या तारा मुरतात. जेमर्सन तर तुटल्याशिवाय तार बदलत नसत. माझ्या तारांना आता अकरावे वर्ष आहे.

की-बोर्डवाल्याचा डावा हात अजून तयारीतच आहे. पण यंदाच्या दिवाळी पहाटेच्या फलकावर माझे नाव आहे. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी.