स्वार उतरल्यावर

जानेवारीतील दिल्लीची रात्र. अकरा वाजून गेलेले असतात. लग्नमंडपाच्या दारापाशी बँडचा शेवटचा ठेका थांबतो, नवरदेव घोडीवरून खाली उतरतो आणि त्याच्यामागून सारे वऱ्हाड, सारे दिवे, सारी गडबड आत निघून जाते. काही क्षणांपूर्वी ज्या घोडीकडे सगळ्यांचे लक्ष होते, ती आता रस्त्याच्या कडेला एकटीच उभी असते. तिच्या अंगावरची मखमली झूल अजून झगमगत असते. पण झुलीच्या कडेखालून वाफेचे पातळ लोट वर येत असतात. थंडीने आखडलेले हात काखेत धरून घोडीवाला तिच्याजवळ येतो, झुलीखाली हात घालतो आणि तिच्या छातीवरून फिरवतो. हात ओला होतो.

मराठीत 'वरातीमागून घोडे' अशी म्हण आहे. वेळ टळून गेल्यावर केलेल्या खटाटोपाला ती लावली जाते. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र वरातीमागचे घोडे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. वऱ्हाडी जेवायला बसतात तेव्हा घोडीवाल्याच्या कामाचा दुसरा आणि अधिक जोखमीचा भाग सुरू होतो. हे काम कोणी पाहत नाही, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही; पण ते चुकले तर त्याची किंमत घोडीला आणि तिच्यावर पोट असलेल्या कुटुंबाला मोजावी लागते. लग्नसराई वर्षातील थोड्याच महिन्यांची. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या मुहूर्तांवर जे मिळेल, त्यावर पुढचे कितीतरी महिने काढायचे असतात. अशा वेळी घोडी आजारी पडणे म्हणजे ऐन सुगीत बैल बसण्यासारखेच.

वरातीची घोडी काही धावलेली नसते. मग तिला घाम का येतो, असा प्रश्न मनात येईल. घोडा हा मूळचा भित्रा आणि सावध प्राणी. भय वाटले की पळून जाणे, हाच त्याचा निसर्गाने दिलेला बचाव. कानाशी ढोल वाजत असतात, पायाशी फटाके फुटत असतात, चहूबाजूंनी माणसे रेटत असतात आणि पाठीवर स्वाराचे ओझे असते. अंगातले रक्त पळण्यासाठी उसळते, पण लगाम तिला जागच्या जागी उभी करतो. त्यात जरीकाम केलेली जड झूल अंगावर असते. आत दाटलेला घाम बाहेर पडू शकत नाही. वरून पाहणाऱ्याला घोडी सजलेली दिसते. आतून ती भिजलेली असते.

काम करताना शरीरात जी शक्ती खर्च होते, तिचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी माणसाप्रमाणेच घोड्यालाही अंगभर घाम येतो. अशी सोय फार थोड्या प्राण्यांना लाभली आहे. घोड्याच्या घामात एक विशिष्ट प्रथिन असते. त्यामुळे घाम केसांवर सहज पसरतो आणि खोगिराखाली, मांड्यांमध्ये साबणासारखा फेस दिसतो. उन्हाळ्यात हा घाम त्याला तारतो. हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट, लांब केस येतात. केसांच्या मुळांशी हवेचा एक थर अडकून राहतो आणि तोच त्याचे पांघरूण होतो. केस घामाने भिजले की ते अंगाला चिकटतात, हवेचा थर नाहीसा होतो आणि पांघरूणच ओले होते. श्रम चालू असेपर्यंत आतली ऊब पुरते. श्रम थांबले की तोच घाम अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेऊ लागतो. स्नायू आखडतात, कातडी थरथरते, घोडा मलूल होतो.

दिल्लीच्या हवेने ही अडचण आणखी वाढवली आहे. जानेवारीत तेथील पारा अनेकदा पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत आणि काही रात्री त्याहूनही खाली उतरतो. त्याच्या जोडीला यमुनेच्या सपाट खोऱ्यावर दाट धुके उतरते. हवेत ओलावा इतका असतो की दोरीवर घातलेला सदरा सकाळ उलटली तरी दमटच राहतो. मग घोड्याच्या अंगावरचे बोटभर लांब केस आपोआप कसे वाळणार? ते माणसानेच वाळवावे लागतात.

म्हणून जाणता घोडीवाला परतीच्या वाटेवर घोडीवर बसत नाही. तो आधी तंग एका छिद्राने सैल करतो. खोगीर एकदम काढत नाही, कारण त्याखालच्या गरम पाठीला गार वारा अचानक लागू नये. ओलसर मखमल उतरवून तो तिच्या अंगावर घोंगडी किंवा जाडेभरडे पोते टाकतो आणि लगाम हातात धरून तिच्या शेजारून चालू लागतो. चाल संथ असते. चालण्याने स्नायूंमध्ये रक्त खेळते राहते, आत साठलेली उष्णता हळूहळू बाहेर पडते, श्वास आपल्या लयीवर येतो. दमलेल्या घोड्याला एकाएकी थांबवून बांधून टाकणे, हे त्याच्याशी सर्वांत वाईट वागणे होय.

आपल्याकडे घरोघरी विचारले जाणारे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: फिरवले नाही म्हणून. तव्यावरची भाकरी, टोपलीतली विड्याची पाने आणि दाराशी बांधलेला घोडा यांना एका सूत्रात ओवणाऱ्या माणसाने तिन्ही कामे स्वतः केलेली असणार.

घरी पोचेपर्यंत रात्रीचा एक वाजलेला असतो. घोडीवाल्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा वरातीत दिवा धरून आलेला असतो. त्याचे डोळे मिटत असतात. तो घोडी खुंट्याला बांधू पाहतो, तेव्हा बाप त्याचा हात धरून घोडीच्या पुढच्या दोन पायांमध्ये नेतो. "इथे बघ. ओले आहे ना? मग अजून झोप नाही."

आता वाळलेल्या गवताचे बोळे हातात येतात. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. आधी केसांच्या उलट दिशेने चोळायचे, म्हणजे चिकटलेले केस उभे राहतात आणि त्यांच्या मुळांशी हवा शिरते. मान, छाती, पाठ, पोट, मांड्या. शेवटी कानांच्या मुळाशी, कारण तिथला ओलावा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एक बोळा भिजला की दुसरा. मग पाठीवर सुक्या गवताचा थर पसरून त्यावर पोते घालायचे. गवतामुळे पोते अंगाला चिकटत नाही. मध्ये हवा खेळते आणि वाफ वर निघून जाते. थोड्या वेळाने पोत्याची बाहेरची बाजू ओलसर लागते आणि आतले अंग कोरडे होऊ लागते. या खटाटोपात त्या दोघांच्या कपाळावरही घाम येतो.

त्याच महिन्यात, त्याच शहरात, पहाटेच्या धुक्यातून दुसरे घोडे बाहेर पडत असतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम कर्तव्यपथावर चाललेली असते. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची स्थापना १७७३ साली बनारस येथे झाली. या दलाचे उंचेपुरे तपकिरी घोडे आणि त्यांवरील भालाईत स्वार २६ जानेवारीला राष्ट्रपतींच्या सोबत येतात, तेव्हा पाहणाऱ्याचे भान हरपते. १९५३ साली संस्थानांच्या घोडदळांतून उभी राहिलेली एकसष्टावी कॅव्हलरीही या संचलनाची शोभा वाढवत आली आहे. त्या संस्थानी घोडदळांत ग्वाल्हेरचेही घोडदळ होते. दूरचित्रवाणीवर दिसते ती काही मिनिटांची चाल. तिच्यामागे कितीतरी पहाटे असतात, आणि प्रत्येक पहाटेनंतर पागेत हेच सारे घडते: तंग सैल करणे, फिरवणे, चोळणे, झूल घालणे, मग खरारा. तेथे लोकरी झुली असतात, पशुवैद्य असतात. थंडीतही फार घाम येऊ नये आणि आलेला लवकर वाळावा म्हणून घोड्यांचे लांब केस कातरण्याची पद्धतही अशा पागांतून आढळते. मात्र केस कातरलेल्या घोड्याला झुलीवाचून क्षणभरही उभे करता येत नाही. साधने वेगळी असली तरी शेवटी अंग कोरडे झाले की नाही हे सांगतो तो मोतद्दाराचा हातच.

याच अंगरक्षक दलातील 'विराट' नावाचा घोडा २६ जानेवारी २०२२ रोजी निवृत्त झाला. तेरा वेळा त्याने प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात भाग घेतला होता. त्या दिवशी राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांनी त्याला थोपटून निरोप दिला; त्यापूर्वी सेनादिनी त्याला लष्करप्रमुखांचे प्रशस्तिपत्रही मिळाले होते. एवढी वर्षे एखादा घोडा डौलाने चालतो, तेव्हा त्याच्या रक्ताचे आणि शिक्षणाचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु दिल्लीचे इतके हिवाळे त्याला धडधाकट पार करता आले, यात पहाटे गवताचा बोळा घेऊन उभ्या राहिलेल्या हातांचा वाटा मोठा आहे. त्या हातांची नावे कोणत्याही प्रशस्तिपत्रावर नसतात.

या सेवेला कमी लेखण्याची आपली परंपरा मात्र नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुनाचे घोडे बाणांनी घायाळ होतात, तहानेने व्याकूळ होतात. ऐन रणात श्रीकृष्ण त्यांना रथापासून सोडतो, त्यांच्या अंगातील बाण आपल्या हातांनी काढतो, त्यांना चोळतो, मग पाणी पाजतो, न्हाऊ घालतो, चारा देतो आणि थकवा गेल्यावरच पुन्हा जुंपतो. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी करायची आहे, एक एक घटका मोलाची आहे, तरीही हा वेळ काढला जातो. मराठी संतांनाही देवाच्या शस्त्रांपेक्षा भक्ताचे घोडे धुणारे त्याचे हात अधिक प्रिय वाटले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७३च्या सुमारास चिपळूण भागात छावणीला असलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना जे पत्र धाडले, त्यातही हीच दृष्टी दिसते. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. आज उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. याउलट दिल्लीच्या उत्तरेला असलेल्या पानिपतावर १७६१च्या जानेवारीत मराठ्यांची छावणी कोंडली गेली, दाणा-वैरण तुटली आणि १४ जानेवारीच्या लढाईआधीच उपासमारीने घोडी खचली होती. आज पानिपत राजधानी क्षेत्रातच मोडते. त्या मैदानावरून हिवाळ्यात धुके सरकू लागते, तेव्हा मराठी माणसाला माणसांबरोबर ती मुकी जनावरेही आठवावीत.

अनुभवाने आलेले ज्ञान पारखूनही घ्यावे लागते. तापलेल्या घोड्याला पाण्याचा थेंबही देऊ नये, अशी समजूत पूर्वी होती. आता तसे मानत नाहीत. घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही जातात, तेव्हा थोडे थोडे पाणी द्यावे, थंडीत ते कोमट असावे. दाणा मात्र श्वास शांत झाल्यावर, अंग निवल्यावरच. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे ऑलिंपिक स्पर्धा भर उन्हाळ्यात व्हायच्या होत्या. त्या निमित्ताने झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, उकाड्यात तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतल्याने अपाय होत नाही, उलट त्याचे शरीर लवकर निवते. तेच पाणी जानेवारीच्या रात्री अंगावर ओतले तर घात होईल. ज्याला नियमामागचे कारण कळले, तो ऋतू पाहून हात चालवतो.

घोडीवाल्याच्या अंगणात आता सारे शांत झालेले असते. तो घोडीच्या बरगड्यांकडे पाहत तिचे श्वास मोजतो. विसावलेला घोडा मिनिटाला आठ ते सोळा वेळा श्वास घेतो. मोजणी जुळते. मग तो मुलाला म्हणतो, "आता तू बघ."

मुलगा पोत्याखाली हात घालतो. छाती कोरडी. पुढच्या पायांमधली जागा कोरडी. तो टाचा उंचावून कानांच्या मुळाशी बोटे नेतो. तेथे कोरडे आणि ऊबदार लागते. घोडी डोके खाली घेऊन त्याच्या खांद्यावर एक लांब निःश्वास सोडते. बाप तिच्यासमोर पाण्याची बादली ठेवतो आणि गवताची पेंढी सोडतो.

कष्टकऱ्याचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी, असे थोर लोक सांगून गेले आहेत. घोड्याला पैसे समजत नाहीत. त्याच्या अंगावरचा घाम आपल्या हाताने वाळवून देणे, हीच त्याची मजुरी. ती चुकती करून बापलेक घरात येतात. झाकून ठेवलेल्या भाकऱ्या केव्हाच गार झालेल्या असतात. चुलीतले निखारे फुंकून बाप त्या पुन्हा शेकायला ठेवतो. आणि त्या करपू नयेत म्हणून मुलगा, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, त्या फिरवत बसतो.