जवारी गेली

आमच्या आत्याचा तंबोरा मिरजेचा. माजघराच्या कोपऱ्यात तो गवसणी घालून उभा असे. (आकाशाला गवसणी घालणारे पुढे पुष्कळ भेटले, पण गवसणी म्हणजे मुळात खोळ, हे मला तंबोऱ्यामुळे कळलं.) मी आठ वर्षांचा असेन. दिवाळीची साफसफाई चालली होती आणि तंबोरा पुसायचं काम माझ्याकडे आलं. भोपळ्यावरच्या रुंद घोडीवर, चारही तारांखाली, दोऱ्याचे चार इवलेसे तुकडे अडकलेले दिसले. कुणाच्या तरी पदराचे धागे असावेत. मी ते निगुतीनं ओढून काढले आणि केरात टाकले.

संध्याकाळी आत्या रियाजाला बसली. तार छेडली, तर पत्र्याच्या डब्यावर चमचा पडावा तसा कोरडा 'टण्ण' आवाज.

"अगंबाई, जवारी गेली!"

स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "गेली कशी? परवाच तर दळून आणली!"

घरात हसण्याचा जो लोंढा आला त्यात माझा गुन्हा वाहून गेला. पण मला प्रश्न पडला तो कायमचा. तारेखाली बोटभर दोरा नसला, तर भोपळ्याएवढं वाद्य मुकं कसं होतं?

उत्तर घोडीच्या पाठीत आहे. ती सपाट दिसते, पण कारागीर तिला कानशीनं घासून अगदी किंचित उतार देतो. जवारी काढणं म्हणतात ते हेच. तार थरथरते तेव्हा त्या उताराला चाटून जाते, दर झोक्याला पुन्हा पुन्हा. दोरा तारेला नेमक्या जागी केसभर उचलतो. मग एका तारेतून नुसता षड्ज निघत नाही, त्याच्या पोटातले कितीतरी स्वर, म्हणजे उपस्वर, उमलत जातात. खर्जाच्या तारेतून कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. एरवी हा शब्द आपण देवळासाठी राखून ठेवतो.

या दोऱ्याच्या नादी चंद्रशेखर व्यंकट रामनही लागले होते. १९०७ ते १९१७ ते सरकारी हिशेबखात्यात नोकरी करत, आणि कलकत्त्यात असताना कचेरीआधी आणि कचेरीनंतर प्रयोगशाळेत रमत. पुढे नोकरी सुटली, वाद्यं सुटली नाहीत. जुना नियम असा की तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर उमटायचा नाही. तंबोऱ्याची तार बरोबर मध्यावर छेडली तर निम्मे उपस्वर गप्प बसायला हवेत. १९२१च्या निबंधात रामननी दाखवलं की ते गप्प बसत नाहीत, खणखणीत वाजतात. नियम चांगला थोरामोठ्यांच्या नावाचा, यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा. आणि तो मोडणारा कोण, तर एक दोरा. हिशेबखात्यात मुरलेल्या माणसाला ही न जुळणारी बेरीज पाहून काय आनंद झाला असेल!

मृदंगाची गोष्टही अशीच घरगुती. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे उपस्वर एकमेकांशी फटकून वागतात. मधोमध शाईचे थर चढवले की ते सुरात येतात. हेही रामननी १९२०मध्ये मांडलं. डाव्या पुडीला तर चक्क ओली कणीक लावतात. कीर्तनाआधी बुवांनी कणकेचा गोळा मागितला की आमची आजी विचारायची, "पोळीची देऊ की पुरीची?"

दोरा, कणीक, आणि वाटाणा. वाटाणा दादासाहेब फाळक्यांचा. सिनेमा काढतो म्हणणाऱ्या माणसाला सावकार वाटाण्याच्या अक्षता लावणार, हे ओळखून की काय, त्यांनी १९१२मध्ये कुंडीत वाटाणाच पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर कोंब सरसरत वर येताना दाखवला. पैसा उभा राहिला. 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या भूमिकेला मात्र बाई मिळेना; मिळाला तो ग्रँट रोडच्या उपाहारगृहातला आचारी, साळुंके. 'लंकादहन'मध्ये, १९१७ साली, हाच गडी राम आणि सीता दोन्ही झाला. सीतेचे दंड चांगले भरदार होते. तरी रामाला पाहून लोक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. मला त्या प्रेक्षकांचा हेवा वाटतो. त्यांना दंडही दिसले असणार, आणि रामही.

हेवा वाटावा असे श्रोतेही होते. न्यूयॉर्कच्या १९७१च्या मैफलीत रविशंकर सतार नुसती जुळवत होते, तर श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच इतकं आवडलं तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं ते मिश्कीलपणे बोलले. हा किस्सा आपण फार तोऱ्यात सांगतो. मला मात्र ते श्रोते अगदीच चुकले असं वाटत नाही.

कारण त्या संध्याकाळी आमच्या घरी झाला तो कार्यक्रम नुसत्या जुळवण्याचाच होता. आत्यानं शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला, दातानं तोडला, तारेखाली सरकवला. टण्ण. तीळभर मागे. टण्ण. आणखी तीळभर. सगळे श्वास रोखून बसलेले. आणि एकाएकी झंऽऽ करून तार अशी उघडली की माजघरातल्या पितळी डब्यांची झाकणंसुद्धा गुणगुणली.

आजीनं भाकरी थापता थापता विचारलं, "सापडली का गं ज्वारी?"