रेडवूडच्या राईत

आम्ही उभयता अमेरिका पाहून आलो, असे म्हणणे खरे होणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही कॅलिफोर्नियात भाच्याच्या घरी सहा आठवडे राहून आलो, एवढेच. कचेरीतल्या कारकुनाला परदेशवारी परवडली कशी, असे परतल्यावर विहारात दोघातिघांनी विचारले. तिकिटे भाच्याची आणि अर्जित रजा आमची, हा त्याचा साधा हिशेब. भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याला नऊ वर्षांची लेक आहे, त्यामुळे पन्नाशी गाठण्याआधीच आम्ही आजोबा झालो आहोत.

या सहा आठवड्यांत पुष्कळ पाहिले. उंच इमारती पाहिल्या, तो तांबडा पूलही पाहिला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला लिहायचे आहे ते उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या रानाविषयी. पण त्याआधीचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय ते रान सांगता येत नाही.

निघण्याच्या आदल्या शनिवारी तिथल्या मराठी मंडळींचे एकत्र जेवण होते. एका गृहस्थांनी भाच्याला आडनाव विचारले. आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही उमगेना. मग त्यांनी हसत विचारले, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" वाचक बंधुभगिनींना या प्रश्नाचा अर्थ फोड करून सांगायला नको. आम्ही ताट हातात घेऊन मागेच उभे होतो. भाचा म्हणाला, "दीड दिवसाचा."

त्याचे आजोबा १९५६ साली दीक्षा घेतलेले. त्याच्या घरात गणपती कधी बसला नाही.

आम्ही काही बोललो नाही. सौ.ने डोळ्यांनीच दटावले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे १०१ क्रमांकाच्या महामार्गाने गाडी उत्तरेकडे निघाली तेव्हाही आम्ही गप्पच होतो. नातीने मात्र मध्येच विचारले, "बाबा, दीड दिवस म्हणजे किती तास?" भाचा म्हणाला, "छत्तीस." तिने बोटांवर हिशेब करून पाहिला आणि तिचे समाधान झाले.

दिवसभराच्या प्रवासानंतर युरेका नावाच्या गावी मुक्काम केला आणि सकाळी रेडवूडच्या राष्ट्रीय उद्यानात शिरलो. हे उद्यान १९६८ साली स्थापन झाले, १९७८ साली वाढवले गेले आणि १९८० पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. राज्य सरकारची तीन जुनी उद्यानेही त्याला जोडलेली आहेत. त्यांपैकी प्रेअरी क्रीक नावाच्या उद्यानात आम्ही फिरलो. समुद्र जवळच, पण दिसत नव्हता. दिसत होते ते धुके. झाडाच्या शेंड्याकडे पाहावे तर मान मोडेपर्यंत वर पाहूनही शेंडा सापडत नाही, तो धुक्यात गेलेला असतो. उन्हाळ्यात इथे पाऊस फारसा पडत नाही. तेव्हा ही झाडे धुक्यातले पाणी पानांवर धरतात, त्याचे थेंब होऊन खाली ठिबकतात आणि मुळे ते पितात. वर्षाच्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असे धुक्यातून येते म्हणे. आमच्या टोपीवरही ते ठिबकत होते.

'बिग ट्री' म्हणून एक प्रसिद्ध झाड आहे. उंची २८६ फूट, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षा थोडी जास्तच. बुंधा जवळजवळ २४ फूट रुंद. वय सुमारे १,५०० वर्षे धरतात. आम्ही हिशेब केला, तर हे झाड रोप होते तेव्हा आपल्याकडे अजिंठ्याच्या शेवटच्या लेण्यांत छिन्नीचे घाव पडत असतील. हे सौ.ला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ झाडापुढे हात जोडून उभी राहिली. झाडाला की लेण्यांना, ते आम्ही विचारले नाही.

सर्वांत उंच झाड याच उद्यानात आहे. ते २००६ साली सापडले, उंची सुमारे ११६ मीटर. पण त्याचा ठावठिकाणा सांगत नाहीत. लोक रान तुडवत जाऊ लागले म्हणून २०२२ साली तिकडे जायला मनाई झाली. गेल्यास ५,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद होऊ शकते. हे आम्हांला पटले. मोठ्या झाडालाही माणसांच्या पायांचा त्रास होतो, कारण त्याची मुळे खोल नसतात. तीन-चारशे फूट उंच झाडाची मुळे जमिनीत सहा ते बारा फूटच जातात, पण चहूकडे शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. हे वाचताच आम्ही डायरी काढली. पुढच्या धम्मवर्गाला दाखला मिळाला होता! सौ. म्हणाली, "अहो, दाखला नंतर. आधी झाड तरी बघा."

पुढे एल्क नावाच्या मोठ्या हरणांचे कुरण लागते. तिथे गाडी थांबवून भाकरीसारखे काहीतरी खात बसलो असता भाचेसून म्हणाली, "मामा, याच उद्यानात एक दगड होता. त्यावर नाव कोरलेले होते. २०२१ साली तो काढला." तिने निघण्यापूर्वी ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली होती. तिने जे सांगितले आणि आम्ही पुढे स्वतः वाचले, ते इथे सांगणे भाग आहे.

त्या दगडावरचे नाव होते मॅडिसन ग्रँट. मूळची रेडवूडची राने सुमारे २० लाख एकर होती. लाकूडतोडीत ती इतकी संपली की जुन्या रानापैकी आज जेमतेम पाच टक्के उरले आहे. ही झाडे वाचवण्यासाठी १९१८ साली एक संस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी ग्रँट एक. त्या संस्थेने जमिनी विकत घेऊन सरकारच्या स्वाधीन केल्या नसत्या तर आम्ही ज्याखाली उभे होतो ते झाड कदाचित उभे नसते. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण याच गृहस्थाने १९१६ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात माणसांची वंशावरून उतरंड लावली होती. उत्तर युरोपचे गोरे सर्वांत वर, बाकीचे खाली. खालच्यांनी वरच्यांत मिसळू नये, खालच्यांची प्रजा वाढू नये, असा त्याचा उपदेश. अमेरिकेने १९२४ साली जो कायदा करून आशियातील लोकांना दारे जवळजवळ बंद केली, त्याच्या पाठीराख्यांत हा होता. झाडांची जात श्रेष्ठ म्हणून टिकवावी आणि माणसांचीही, असे त्याच्या डोक्यात एकच गणित होते. संस्थेने हा इतिहास २०२० साली स्वतः जाहीरपणे मान्य केला आणि पुढच्या वर्षी दगड हलला.

आम्ही वर्षांचे हिशेब करणारे कारकून. १९१६ म्हटल्यावर आमचे बोट थांबले. ग्रँट न्यूयॉर्कचा. त्याच न्यूयॉर्कमध्ये, त्याच वर्षी, ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात पंचवीस वर्षांचे बाबासाहेब जातींवरचा निबंध वाचत होते. जात वंशातून आलेली नाही, ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनाने टिकवलेली आहे, हे ते तिथे मांडत होते. एका शहरात दोन माणसे. त्यांतल्या एकाच्या नावाचा दगड रानात बसला, १९४८ साली.

भाचेसुनेने आणखी एक गोष्ट सांगितली. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या एका पंजाबी गृहस्थाच्या नागरिकत्वाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात चालला होता. आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, म्हणून गोऱ्यांतच मोडतो, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. न्यायालयाने तो फेटाळला. भारतीयांना नागरिकत्व मिळू लागले ते १९४६ च्या कायद्याने, आणि तेव्हाही वर्षाला येणाऱ्यांची मर्यादा फक्त १०० माणसांची. सौ. म्हणाली, "सातासमुद्रापार जाऊनही उतरंड बरोबर नेलीच की!"

आमच्या आईच्या कोकणातल्या गावी देवराई होती. तिला राई म्हणत. अशीच जुनी झाडे, अशीच थंड सावली, कुऱ्हाड लावायची नाही असा दंडक. पर्यावरणवाले आज तिचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण आई सांगायची, लहानपणी सणाला सगळा गाव राईत जायचा आणि आपली माणसे कडेच्या एका दगडापाशी थांबायची. आत झाडे उभी, बाहेर ही. वाळकी काटकी उचलली तरी बोलणी. त्या राईतल्या झाडांची नावे आईला पाठ होती, पण एकाही झाडाला तिने हात लावलेला नव्हता.

इथल्या रानाचेही तसेच. युरोक हे इथले मूळचे लोक. पडलेल्या रेडवूडच्या फळ्यांची त्यांची घरे, त्याच्याच ओंडक्याच्या होड्या. १८५० च्या सुमारास सोन्याच्या मागे गोरे आले आणि त्यांचा बहुतेक मुलूख गेला. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे आम्ही जाण्याच्या दोन महिने आधी, ऑरिक गावाजवळची १२५ एकर जमीन त्यांना परत देण्याचा करार झाला. तिथे पूर्वी लाकडाची गिरणी होती. २०२६ साली ती त्यांच्या नावावर व्हावी असे ठरले. करारावर सही करणाऱ्यांत तीच १९१८ ची संस्था होती.

दुपारी आम्ही आणि भाचा थोडे पुढे चालत गेलो. आता बोलायचे असे आम्ही ठरवले होते. पण तोच म्हणाला, "मामा, तुम्हांला राग आलाय, ठाऊक आहे. तुम्ही महिन्याभराने परत जाल. मला सोमवारी त्याच लोकांबरोबर बसायचंय. त्यांच्यातलाच एक माझं काम तपासतो. जातीच्या भेदाविरुद्धचं विधेयक इथल्या विधिमंडळात मंजूर झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारलं. आहेत तेच कायदे पुरेसे आहेत म्हणाले."

गेली वीस वर्षे आम्ही वस्तीत सभा घेतो, मुलांना ताठ मानेने जगायला सांगतो. तिथे आमच्याजवळ उत्तर नव्हते. ताठ मान आमच्या गल्लीत सोपी आहे, तिथे शेजारी सगळे आपलेच. एवढेच म्हणालो, "पोरीनं ऐकलंय." तो काही बोलला नाही. पायाखाली नेचे ओले होते, आणि बराच वेळ आम्ही दोघे नुसतेच चालत राहिलो.

परत येऊन पाहतो तो सौ.च्या हातात रेडवूडचे फळ होते, बोराएवढे. एवढ्या झाडाचे एवढेसे फळ! नातीने बजावले की उद्यानातून काही न्यायचे नसते. सौ.ने ते जिथून उचलले होते तिथेच नेऊन ठेवले.

संध्याकाळी गाडीत भाच्याने आपणहून विषय काढला. लेकीला म्हणाला, "तुझ्या पणजीच्या गावाला पण अशी एक राई होती." झाडांची नावे सांगताना तो दोनदा चुकला, सौ.ने दुरुस्त केली. मग तो कडेच्या दगडापर्यंत आला आणि थांबला.

"पणजी आत का नाही गेली?" नातीने विचारले.

काचेवर धुक्याचे पाणी साचले होते. त्याने ते पुसण्याचे बटण दाबले, आणि सांगायला लागला. आधी मराठीत, मग काही शब्द तिला कळेनात म्हणून इंग्रजीत. आम्ही मागच्या आसनावर बसून ऐकत होतो. गणपतीचेही सांगितले त्याने, शेवटी.