हाली रुपया

वडवणीला आमच्या लहानपणी काळाचा प्रवास करायला यंत्र लागत नसे. दादीच्या वाकळेत शिरले की झाले. ती असहाबे कहफची गोष्ट सांगायची. जुलमी बादशहाच्या भीतीने काही तरुण गुहेत लपले, सोबत त्यांचा कुत्रा. जागे झाले तेव्हा त्यांना वाटले, दिवसभर झोपलो असू. कुरआनात मात्र तीनशे आणि वर नऊ वर्षे सांगितली आहेत. त्यांच्यातला एक चांदीचे नाणे घेऊन जेवण आणायला शहरात जातो, आणि दादीच्या गोष्टीत तिथला दुकानदार ते नाणे उलटसुलट करून बघतच राहतो.

दादीच्या पेटीत निजामाच्या वेळचा एक हाली रुपया होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, पुढे ते चलनही बंद झाले, हे आम्हाला कुठे ठाऊक! आम्ही भावंडांनी तो गुपचूप आठवडी बाजारात नेला. रेवडीवाल्या म्हाताऱ्याने लगेच ओळखला. "हा हाली हाय, चालत न्हाई आता." शेजारचा एकजण म्हणाला, "ही पोरं अजून निजामाच्याच राज्यात हायेत!" सगळे हसले. हसणारे आमच्या रोजच्या ओळखीतले होते, म्हणूनच ते जास्त लागले. म्हाताऱ्याने मूठभर रेवड्या फुकट दिल्या, त्या आम्ही खाल्ल्या. पण घरी रडत आलो. दादी म्हणाली, "सिक्का पुराना हुआ रे, हम तो यहींच हैं."

पुढे जयंत नारळीकरांच्या कथा हाती लागल्या. १९७४ साली त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली होती, हे कळल्यावर तर फारच मजा वाटली. पण आमचा जीव जडला तो 'गंगाधरपंतांचे पानिपत'वर. ती खरे तर काळप्रवासाची नव्हे, शेजारच्या जगाची कथा. तिथे १७६१ साली विश्वासरावांना लागायची गोळी चुकते आणि मराठे जिंकतात. आम्ही मनातल्या मनात तिला एक शेपूट जोडले: मग इब्राहिमखान गारदीही वाचला असणार! आधी निजामाच्या चाकरीत असलेला हा माणूस १७६० साली उदगीरला निजामाविरुद्धच भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पानिपतावर त्यांचा तोफखाना सांभाळला आणि पकडला जाऊन अब्दालीकडून मारला गेला. बाजारात तो शेरा मारणाऱ्याला हे सांगायला हवे होते. त्या दिवशी आम्हालाच ठाऊक नव्हते.

२०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही गल्लीतल्या मुलांना ओट्यावर बसवून गंगाधरपंतांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, आता तुम्ही लिहा, कुठल्या काळात जाल? पोरांनी शिवाजी महाराजांचा दरबार गाठला, डायनोसॉर गाठले, एकाने तर थेट २१२५ सालचे बीड! आमच्या भाच्याने टिपू सुलतानच्या रॉकेटवर बसून स्वारी केली.

एका मुलीचे आईबाप आठवड्याभरात ऊसतोडीला कर्नाटकात निघणार होते. तिने पानभर चित्र काढले होते. तिच्या यंत्राला ट्रॅक्टरची चाके होती. खाली दोनच ओळी. तिला फार लांब जायचे नव्हते, चैत्रापर्यंतच.

आम्ही पेटीतला हाली रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. तिने उलटसुलट करून बघितला आणि विचारले, "ह्याच्यानं ट्रॅक्टरमधी डिझेल भरता येतं का?"