टेबलापासून गल्ल्यापर्यंत

हॉटेलातली पैशांची लबाडी भटारखान्यात क्वचितच होते आणि मालकाच्या केबिनमध्ये त्याहून क्वचित. ती होते टेबल आणि गल्ला यांच्यामधल्या वीस-पंचवीस पावलांत. हॉटेलांचं अंतर्गत ऑडिट हा माझा व्यवसाय. आपले पैसे कुठे गळतात ते शोधून द्या, म्हणून मालक मला बोलावतात. शोधायला बसलं की दिसतं, ज्या फटीतून मालकाचे पैसे जातात त्याच फटीतून गिऱ्हाइकाचेही जातात.

कॅप्टनने ऑर्डर घेतली की केओटी निघते, म्हणजे भटारखान्याला जाणारी चिठ्ठी. केओटीशिवाय पदार्थ बाहेर येऊ नये आणि बाहेर आलेला प्रत्येक पदार्थ बिलात यावा, एवढ्यावर सगळा हिशेब उभा असतो. तो मोडण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे एकच बिल दोनदा चालवणं. दोन मसाला डोसे, दोन कॉफी हे बिल दिवसातून कितीतरी वेळा हुबेहूब निघतं. रोख देऊन गेलेल्या टेबलाचं बिल वेटरने जपून ठेवायचं आणि तासाभराने तेच दुसऱ्या टेबलावर न्यायचं. दुसऱ्या टेबलाची केओटी रद्द करायला गल्ल्यावरचा माणूस सामील असावा लागतो. तो असला की ती रोकड दोघांत वाटली जाते. गिऱ्हाइकाचं यात काय गेलं? जेवणाचे पैसे बरोबरच गेले, पण कर म्हणून दिलेली रक्कम सरकारात पोचलीच नाही. आणि या दोघांना एकदा सवय लागली, की मोठ्या ग्रुपच्या बिलात चारच्या सहा रोट्या व्हायला वेळ लागत नाही. म्हणून बिल हातात आलं की आधी त्यावरचा टेबल नंबर आणि वेळ बघा, पदार्थ नंतर.

परमिट रूममध्ये ‘रिपीट’ म्हणत फेऱ्या वाढत जातात आणि पेग मोजणारा एकटा वेटरच शुद्धीत असतो. तिथे मध्येच एकदा चालू बिल मागवावं. कुणाला राग येत नाही, उलट टेबल सावध आहे हे कळतं. बारमधला दुसरा सापळा आधीच लावलेला असतो. डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेली मुलगी ठरावीक बारमध्येच नेते, महागडी पेयं मागवते आणि काहीतरी निमित्त सांगून निघून जाते. मग हजारो रुपयांचं बिल आणि दारात उभे बाउन्सर. २०२४ साली मुंबईत आणि दिल्लीत असे प्रकार पोलिसांपर्यंत गेले. मेन्यूकार्डावर भाव छापलेले नसतील तिथे काहीही मागवू नये, एवढं पथ्य त्यावर पुरतं.

आता कराकडे वळू. साध्या रेस्टॉरंटमधल्या जेवणावर जीएसटी पाच टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो अठरा टक्के असतो. दारूवर जीएसटी नाहीच, राज्याचा व्हॅट असतो. त्यामुळे एकाच बिलात दोन कर दिसले तर दचकू नका. कर लावला असेल तर बिलावर पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. अनेक छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही आणि तसं बिलावर लिहिणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कच्च्या चिठ्ठीवर हाताने ‘जीएसटी’ लिहून पाच टक्के चढवले असतील, तर ते पैसे कुठे जातात हे सांगायला ऑडिटर नको.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. तो सरकारात जात नाही, आणि वेटरच्या हातात पूर्ण पडतो असंही मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही आकारायचा नाही. हॉटेलांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड लावला. त्यावर अपील झालं. आकडा पाहा: दोन हजारांच्या जेवणावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, मग बावीसशेवर पाच टक्के जीएसटी, एकूण २,३१० रुपये. कायद्याने व्हायचे २,१०० रुपये. दोनशे दहा रुपये मागितल्याशिवाय परत मिळत नाहीत. मागितले की बहुतेक ठिकाणी कॅप्टन न बोलता नवं बिल काढतो. टिप ही दिवाळीच्या पोस्तासारखी, देणाऱ्याच्या मर्जीची. पोस्त कुणी बिलात छापून मागत नाही.

टिप मात्र द्यावी, असं माझं मत आहे. ताटं उचलणाऱ्या पोऱ्याचा पगार मी मस्टरवर पाहिलेला असतो. द्यायची तर रोख, त्याच्या हातात. बडीशेपेच्या बशीत ठेवलेले पैसे कुणाकडे जातात हे त्या हॉटेलच्या रिवाजावर अवलंबून असतं. कार्डाच्या मशीनमध्ये टिप मिळवायचा आग्रह झाला, तर नको म्हणावं.

कार्ड वेटरच्या हाती देऊन गल्ल्यावर पाठवू नये. मशीन टेबलावर येतं, नसेल तर आपण उठून जावं. कार्डामागच्या काळ्या पट्टीवरची माहिती तळहातात मावेल एवढ्या यंत्राने क्षणात उचलता येते. तेवढ्यावर भारतात दुकानात खरेदी होत नाही, कारण पट्टी घासल्यावर इथे पिन लागतो. पण पिन आपणच मोठ्याने सांगतो! ‘सर, पिन?’ असं वेटर विचारतो आणि भरल्या हॉटेलात साहेब चार आकडे म्हणून दाखवतात. माझ्या अनुभवात सुशिक्षित घरांत ही खोड जास्त. पाच हजारांपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, म्हणून टेकवण्याआधी मशीनच्या पडद्यावरचा आकडा वाचावा. ‘डिक्लाइन झालं, परत करतो’ असं कुणी म्हटलं, तर नकाराची स्लिप मागावी आणि मोबाइलवरचा संदेश पाहावा. पैसे गेले पण हॉटेलला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. कार्ड असो वा यूपीआय, दोन्हींना हा नियम लागू आहे.

परदेशात गणित बदलतं. मुलांकडे न्यू जर्सीला जाणारे आईवडील मला हे हमखास विचारतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्ड फोल्डरमध्ये घालून आत नेतात आणि दोन स्लिपा घेऊन येतात. आधी मंजूर झालेली रक्कम जेवणाची. टिप तुम्ही हाताने लिहिता आणि तुम्ही गेल्यावर वेटर ती मशीनमध्ये भरतो. लबाडीची जागा हीच. टिपेची ओळ कोरी सोडू नये. रोख दिली तर तिथे आडवी रेघ मारावी, बेरीज स्वतः लिहावी आणि सही केलेल्या स्लिपेचा फोटो काढावा. सहा-आठ जणांचं टेबल असेल तर अठरा टक्के किंवा अधिक टिप आधीच बिलात धरलेली असते आणि तरी खाली टिपेची रिकामी ओळ असते. आपली माणसं लाजेखातर दुसऱ्यांदा देतात. तिथे टिप बुडवू मात्र नये. टिप घेणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढंच आहे, बऱ्याच राज्यांत जास्त. परत आल्यावर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करून टाका. पट्टीची नक्कल झाली असलीच, तर ती बहुधा अशा बिनपिनच्या देशात चालवली जाते.

यूपीआयची फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. खोट्या अ‍ॅपवरची हिरवी खूण दाखवून पोट भरून जाणारे गिऱ्हाईक आहेत. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स त्यांच्यासाठीच बसवलेला असतो. दुसऱ्या बाजूला, जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत काही दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर चोरांनी रातोरात आपले कोड चिकटवले. पैसे भरताना वेगळंच नाव दिसल्यावर बिंग फुटलं. पिन टाकण्याआधी मोबाइलवर येणारं नाव मोठ्याने वाचा, गल्ल्यावरच्याला ऐकू जाईल असं. वेटरने स्वतःच्या मोबाइलवरचा कोड पुढे केला तर बिल त्यावर भरू नका. आणि फेसबुकवरची ‘एका थाळीवर एक फुकट, आता फक्त दहा रुपये भरा’ ही जाहिरात त्या हॉटेलची असेलच असं नाही; फोन हॉटेलच्या पाटीवरच्या नंबरावर करा.

तरीही पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा, मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० ला, फोन करा. सर्व्हिस चार्ज हटवत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन, १९१५. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर काही भाग सोसावा लागतो. त्यापुढे सगळं बँकेच्या धोरणावर. पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. कळवल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक वेळेसह लिहून ठेवा. तीन दिवस पाळले हे पुढे त्यावरूनच सिद्ध होतं.