आबांचा पहिला प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की पुरुषोत्तमनगरच्या कानावर पडणारी भाषाच बदलते. शहाद्याजवळचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि त्याच्या आसऱ्याने आमची वसाहत वाढली. एरवी इथे गुजरी आणि अहिराणी. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या की त्यांत पावरी आणि भिली मिसळतात. दिवसभर कोयता चालवून आलेल्या बायका रात्री कोप्यांपुढे एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने नाचत, गात. त्यातल्या काहींची माहेरं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेली. महाराष्ट्रातली तेहेतीस गावं त्या बुडितात आली. गाव गेलं, तरी त्याची वाट, नाला, देवाचं झाड त्यांच्या गाण्यात होतं.

हे कुणीतरी टिपून ठेवायला हवं, असं मला फार वाटे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मी वाचलं होतं. त्यांच्यापाशी माणसांचं जाळं होतं. माझ्यापाशी शाळेतला पगार आणि एक थकलेला टेपरेकॉर्डर, ज्याच्या फितीवर गाण्यापेक्षा खरखर जास्त येई.

२००४ची गोष्ट. दुबईत नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाने फोनवर सांगितलं, “ताई, मिनीडिस्क घे. इथे जुनी यंत्रं स्वस्तात मिळतात.” सोनीने १९९२ साली काढलेली ही चपटी चकती आपल्याकडच्या दुकानांत फारशी कधी आलीच नाही. त्याने दोन मॉडेलं सुचवली, दोन्ही संगणकाला जोडता येणाऱ्या नेटएमडी जातीची: एमझेड-एन५०५ आणि एमझेड-एन७०७. पहिलं स्वस्त, दुसरं थोडं महाग. ती नावं कागदावर लिहून मी शहाद्यात आबांकडे गेले.

आबा रेडिओ दुरुस्त करत. टेबलावर उघडे पडलेले संच, सोल्डरचा वास आणि भिंतीवर पीसीबीच्या पाट्या. त्यांनी मिनीडिस्क कधी हातात धरली नव्हती. तरी कागद वाचून त्यांचा पहिला प्रश्न आला, “यामाईन आवाज बाहेर कसा येई?”

मी किमती बघत होते, ते आवाजाचा मार्ग बघत होते. आवाज आत कसा जाणार आणि बाहेर कसा येणार, एवढ्या दोनच गोष्टींवर त्यांनी सगळी निवड लावून दिली. मामेभावाला त्यांनी माझ्याकरवी विचारायला लावलं, तेव्हा कळलं की एन५०५ला माइकची जागाच नाही. दुसऱ्या यंत्रावरून गाणी भरून घेऊन ऐकायची, तर ते उत्तम. आमच्या कामाला मात्र निरुपयोगी. एन७०७ला माइकची जागा होती, साध्या माइकला लागणारी थोडी वीज तिथूनच मिळे आणि यंत्र एका पेन्सिल सेलवर चाले. कोपीत विजेचा खांब कुठला? आबा म्हणाले, “पैसे थोडे जास्ती जाऊ दे. बिनामाइकचं घेशील तर सगळेच जातील.”

बाहेर येण्याची वाट अवघड होती. नेटएमडीचं सॉफ्टवेअर, सोनिकस्टेज, गाणी संगणकातून चकतीत उतरवून देई, पण माइकने टिपलेलं परत संगणकात घेऊ देत नसे. त्याच वर्षी आलेल्या हाय-एमडी यंत्रांत ती सोय होती, पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत अटी घालूनच, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर. आबांनी त्यावर जुना, भरवशाचा उपाय सांगितला: हेडफोनच्या तोंडातून साधी वायर काढायची, संगणकाच्या लाइन-इनमध्ये घालायची, चकती वाजवायची आणि ऑडॅसिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा ध्वनिमुद्रित करायची. जितकं गाणं, तितका वेळ. आमच्याकडे तेव्हा तासन् तास भारनियमन होतं. शहाद्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्या मुलाने रात्री दुकान बंद झाल्यावर आपला संगणक मला वापरू दिला, पैसे घेतले नाहीत. वीज गेली की तो कंदील लावून बसे आणि आली की आम्ही गाणं पहिल्यापासून लावत असू. मी ज्यांची ऋणी आहे, त्यांत त्याचं नाव आबांच्या लगेच खाली.

यंत्र आल्यावर आबांनी मला ते वापरायला शिकवलं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मी वाचून सांगायची, ते अर्थ लावायचे. आपोआप आवाज कमीजास्त करणारी सोय बंद ठेव, नाहीतर मांदळ वाजला की गळा दबेल आणि बाई श्वास घ्यायला थांबली की मागून कारखान्याची घरघर वर येईल. त्यासाठी मुद्रण विरामावर ठेवून पातळी हाताने लावावी लागे आणि दर वेळी नव्याने, कारण यंत्र ती लक्षात ठेवत नसे. माइक यंत्राला चिकटवायचा नाही, लांब वायरीवर धरायचा, नाहीतर चकती फिरवणाऱ्या मोटरचा आवाजही त्यात येतो. मोनोवर घ्यायचं, ऐंशी मिनिटांच्या चकतीवर एकशे साठ मिनिटं मावतात आणि गळ्याला काही उणं पडत नाही. मुद्रण थांबवल्यावर पडद्यावर ‘टॉक एडिट’ अक्षरं असेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, कारण तेव्हा यंत्र चकतीवर अनुक्रमणिका लिहीत असतं. ती लिहिली गेली नाही, तर गाणं असून सापडत नाही. आणि प्रत्येक मुद्रणाच्या आधी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्यायची.

हे शेवटचं सर्वांत मोलाचं निघालं. नाव आणि गाव विचारल्यावर बायका सावरून बसत. आपण कोणाच्या तरी मनोरंजनासाठी गात नाही, हे त्यांना तिथेच कळे. टोळीचा मुकादम शेजारी बसून पावरीचा अर्थ सांगे. एका आजीने इंदलाच्या पूजेचं गाणं अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाली, हे इथे पूर्ण गात नाहीत, त्याची जागा वेगळी. मी यंत्र बंद केलं. तो अर्धा तुकडा तसाच ठेवला आहे आणि कुणालाही ऐकवलेला नाही. काय टिपायचं नाही, हे मला त्या आजीने शिकवलं. आबांच्या सगळ्या धड्यांइतकंच त्याचं वजन आहे.

एका चकतीचा आवाज मोनोतही आठशे एमबीच्या वर जाई, म्हणून तिच्या दोन सीडी होत. एक प्रत मी ठेवी, दुसरी मुकादमाच्या हाती गावाकडे जाई. पुढे मोबाइलवर ऐकता येऊ लागलं, तेव्हा नातवंडांनी आजीचा आवाज मागून नेला.

आबा आता नाहीत. त्यांनी मला एक पैसाही मागितला नाही. मागितला असता, तर मी काय मोजून दिलं असतं, मला माहीत नाही.

सोनीने २००६मध्ये एमझेड-आरएच१ काढलं, जे जुन्या चकत्यांवरचा आवाजही थेट संगणकात घेऊ शके. आज वेब मिनीडिस्क प्रो या मोफत सॉफ्टवेअरने काही सोनी नेटएमडी यंत्रांतूनही तेच करता येतं. आबा असते तर त्यांना हे ऐकून किती आनंद झाला असता! पण वेळ थोडा आहे: मिनीडिस्क यंत्रं बनवणं सोनीने २०१३मध्ये थांबवलं आणि कोऱ्या चकत्या बनवणं २०२५च्या फेब्रुवारीत. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागात ज्यांच्या घरी गाण्यांच्या, लग्नाच्या, सभांच्या जुन्या कॅसेटी किंवा चकत्या पडून आहेत, त्यांनी त्या याच वर्षी उतरवून घ्याव्यात आणि पहिली प्रत गाणाऱ्यांच्या घरी पोचवावी.