चाचांचं देणं

मे 2010 मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांची नावं इंटरनेटच्या पत्त्यात अरबी लिपीत लिहिता येऊ लागली. वाशीतल्या ज्या छोट्या कार्यालयात मी तेव्हा होतो, तिथे आखाती ग्राहकांना अरबी डोमेन नावं सुचवायचं काम आलं. लोक कोणता शब्द जास्त शोधतात हे बघायचं आणि त्यावरून नाव ठरवायचं. मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. इंग्रजी शब्दांना कोशात मिळतील ते अरबी शब्द घ्यायचे आणि त्यांच्यापुढे शोधांचे आकडे मांडायचे, एवढीच माझी धाव.

ओळखीतून तळोज्याच्या एका चाचांकडे गेलो. कोकणी मुसलमान; तरुणपणी सौदीतल्या दम्मामला जाऊन तिथल्या एका कचेरीत अरबी टायपिंग केलेले. माझा तक्ता त्यांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे, पण असं लिहितं कोण?"

त्या प्रश्नापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. रविवारी त्यांच्या पडवीत बसून मी अक्षरं गिरवू लागलो. सय्यारा म्हणजे मोटार. शेवटच्या अक्षरावर दोन टिंबं हवीत, घाईत लोक ती देत नाहीत. भाड्याच्या 'ईजार'ला अलिफखाली हमजा लागतो, तोही गळतो. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द, आणि त्यांची डोमेन नावंही वेगळी. लोकांची गरज एक, पण तिचे आकडे दोन-तीन जागी विखुरलेले. ते एकत्र मांडल्याशिवाय कोणता शब्द किती चालतो हे कळणारच नाही, हे मला चाचांमुळे उमगलं.

त्यांच्या कचेरीत इजिप्त, सुदान, येमेनची माणसं होती. त्यामुळे मोबाइलला सौदीत 'जव्वाल' म्हणतात आणि इजिप्तमध्ये 'मोबाइल'च, हे त्यांना पाठ. कोणता शब्द कुठल्या देशातला, हे न विचारता आकडा लिहायचा नाही, ही शिस्त त्यांनी लावली. एकदा रमजानच्या खरेदीचे शब्द मी दोन वर्षांच्या एकाच महिन्यात ताडून पाहत होतो. गुगल ट्रेंड्स शोधांची थेट संख्या देत नाही. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च मागणीला 100 धरून बाकीची तिच्या प्रमाणात दाखवतं. माझा आलेख घसरलेला दिसत होता. चाचा म्हणाले, "चांद बघ." हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान; मागणी तेवढीच होती, फक्त रमजान अलीकडे सरकला होता.

27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीत '.भारत' सुरू झालं. मी आनंदाने फोन केला, तर म्हणाले, "आता आपल्या माणसांचं कर." मराठीकडे वळलो तेव्हा त्यांच्याच वाटेने गेलो. पनवेल-उरणकडचा शेतकरी जमिनीचा उतारा शोधताना 'सातबारा' लिहितो, कुणी '७/१२' लिहितो, कुणी रोमन अक्षरांत. डोमेन नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून ते रूप नावात घेता येत नाही. पण मोजणीतून वगळलं तर तो शेतकरीच वगळला जातो. हे पाहायची नजर मला कुठल्या अभ्यासक्रमाने दिली नव्हती.

चाचांनी कधी पैसा घेतला नाही. "तुला आलं, मला पोचलं," एवढंच म्हणायचे. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आकडे उघडण्याआधी ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडे पाठवतो. त्यांच्या हातून चांगलं काम झालं की मला कृतज्ञता वाटते, कारण त्यातलं जे खरं आहे ते चाचांचं आहे. हे देणं फिटणारं नाही. ते पुढे देत राहणं एवढंच माझ्या हाती आहे.